ट्रकला धातूची पेडलं बसवायची आहेत? आधी एक लग्नपत्रिका शोधा

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या दुकानात एका प्रकारचं गिऱ्हाईक हमखास येतं. वय तेवीस-चोवीस, गाडीचे दोन-तीन हप्ते भरून झालेले, आणि हातात मोबाईलवरून मागवलेला चकचकीत पेडलांचा, म्हणजे मूळ पेडलांवर चढवायच्या धातूच्या पट्ट्यांचा, डबा. बाहेर उभ्या गाडीला नवे गोंडे, पुढे लिंबू-मिरची, मागच्या फाळक्यावर ‘आईवडिलांचा आशीर्वाद’. ‘भाऊ, एवढं बसवून द्या, दहा मिनिटांचं काम आहे.’

दहा मिनिटांचं नाही. नीट करायचं तर दोन तास जातात, आणि त्यातला निम्मा वेळ मोजण्यात जातो. धुळ्यात सुट्या भागांचं दुकान टाकण्याआधी मी बारा वर्षं गाडी चालवली. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे दुकान असल्यामुळे चारी दिशांच्या गाड्यांच्या केबिनी बघायला मिळतात. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नवं पेडल डोळ्याला कितीही नवं दिसू दे, पायाला मात्र काही बदललंय हे कळता कामा नये. पुढचं सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

ज्या मिस्तरींकडे मी हे शिकलो ते अमळनेरकडचे. ते म्हणायचे, ‘पाय आंधया ऱ्हास भाऊ, त्याले सवयच समजस.’ म्हणजे पाय आंधळा असतो, त्याला सवयच तेवढी कळते. तेव्हा मी हसलो होतो. मग लळिंगचा घाट आला.

मालेगावहून कांदा भरून धुळ्याकडे उतरत होतो. दोनच दिवसांपूर्वी ब्रेकच्या पेडलवर सहा मिलिमीटरची जाड पट्टी बसवली होती, तीही जुनं रबर न काढता, त्याच्यावरच. लळिंगचा किल्ला दिसायला लागला, पुढच्या टँकरचे लाल दिवे पेटले, रेसवरून, म्हणजे अॅक्सिलरेटरवरून, पाय उचलला आणि चप्पलचं नाक ब्रेकच्या पट्टीखाली अडकलं. पाय वर येईना. अर्धा सेकंद असेल. टाच मागे ओढून दुसऱ्या खेपेला पाय बरोबर पडला, गाडी थांबली, टँकरचं आणि माझं अंतर हातभर उरलं. खाली उतरून ढाब्यावर पट्टी मोजली. रबर आणि पट्टी मिळून ब्रेक उघड्या पत्र्यापेक्षा तब्बल चौदा मिलिमीटर वर आला होता. ब्रेक चांगले होते, टायर चांगले होते. पायाचा हिशेब चुकला होता.

मुळात गरज आहे का?

दुकानदारानं हे लिहू नये, पण लिहितो. धातूची पेडलं मागायला येणाऱ्या निम्म्या लोकांना फक्त नवं रबर हवं असतं. क्लचचं आणि ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत होतं, एका कोपऱ्यातून आतला पत्रा दिसायला लागतो, पावसाळ्यात पाय सटकतो, आणि मग वाटतं की आता धातूचंच काही तरी बसवू. नवं रबर किरकोळ पैशांत मिळतं, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मऊ होतं आणि पाच मिनिटांत कडांवर चढतं. ना भोक, ना बोल्ट. आधी ते करून बघा. महिनाभरानंतरही पाय सटकत असेल किंवा रबर पुन्हापुन्हा निघून येत असेल, तर धातूकडे वळा.

धातूचा खरा फायदा कुणाला होतो तेही सांगतो. रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेत शिरून माल भरणारे आमचे बरेच गिऱ्हाईक आहेत. पावसाळ्यात काळी माती चपलेला इंचभर बसते, त्यात केळीचा चीक. असा पाय गुळगुळीत रबरावर साबणासारखा फिरतो. भोकं पाडलेल्या, दाणेदार धातूच्या पेडलात चिखल भोकांतून खाली निघून जातो आणि कडा तळव्याला धरून ठेवतात. वाळूवाले, वीटभट्टीवाले, ऊस ओढणारे यांचंही तेच. रोज डांबरी गोदाम ते डांबरी गोदाम फिरणाऱ्याला मात्र हा खर्च शोभेचाच आहे. शोभा करायला हरकत नाही, फक्त ती शोभा आहे हे मनाशी माहीत असावं.

आपली गाडी ओळखा

सेट विकत घेण्याआधी केबिनचा दरवाजा उघडा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि खाली वाकून तीन गोष्टी बघा.

पेडलं वरून लोंबतात की खालून, म्हणजे फरशीच्या पत्र्यातून, वर येतात? वरून लोंबणाऱ्या पेडलाला खाली मोकळी जागा असते, पण ते पूर्ण दाबलं की खालची कड फरशीच्या अगदी जवळ जाते. काही जुन्या ट्रकांत आणि बसमध्ये ब्रेकचं पेडल खालीच, थेट व्हॉल्व्हवर बसवलेलं असतं. पूर्ण पाऊल त्यावर ठेवायचं. त्याला बाजारातला छोटा चौकोनी सेट बसतच नाही, पट्टी मापानं बनवूनच घ्यावी लागते.

दुसरं, ब्रेक हवेचे की तेलाचे. मोठ्या ट्रकात हवेचे, पिकअप आणि छोट्या हत्तीत (टाटा एस) तेलाचे. पट्टी दोन्हीकडे बसवता येते, पण बसवल्यावरची तपासणी वेगळी. ती पुढे येईल.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: रेसचं पेडल कसलं आहे. जुन्या गाडीत त्याच्या मागून केबल किंवा लोखंडी दांडी पंपाकडे जाते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्यानंतरच्या गाडीत तिथे सेन्सर असतो, मागून फक्त वायरींचा सॉकेट निघतो, आणि बऱ्याचदा सबंध पेडल प्लास्टिकचं असतं. अशा पेडलाला ड्रिल लावायचं नाही. एकदाही नाही, ‘मधोमध जागा आहे’ म्हणूनही नाही. आत काय कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि प्लास्टिकला भोकापासून तडा गेला तर तो कधी वाढेल याचा भरवसा नाही. माझं सरळ मत आहे की सेन्सरवाली रेस आहे तशी सोडावी, फार तर कडांना चिमट्यानं धरणारं हलकं अॅल्युमिनियमचं कव्हर लावावं. तीनपैकी दोनच पेडलं चकाकली म्हणून कुणी हसत नाही.

माप: इथे लग्नपत्रिका लागते

प्रत्येकाच्या घरी जाड कागदाच्या, सोनेरी छापाच्या पाच-पन्नास पत्रिका पडून असतात. त्यातली एक घ्या. तो पुठ्ठा वाकतो पण चुरगळत नाही, आणि पेडलचा साचा काढायला यापेक्षा चांगली वस्तू मला अजून मिळालेली नाही. जुनं रबर काढा, उघड्या पत्र्यावर पत्रिका धरा, कडांवरून अंगठ्याचं नख जोरात फिरवा. छापल्यासारखी रेघ उमटते. त्या रेघेवर कापा, क्लचच्या तुकड्यावर ‘क्लच’, ब्रेकच्या तुकड्यावर ‘ब्रेक’ लिहा आणि वरची बाजू बाणानं दाखवा. हा बाण राहिला की पट्टी उलटी बनून येते. ‘मंगलकार्यालय’च्या अक्षरांवर बाण काढून विसरलेले लोक मी पाहिलेत.

आता रबर परत चढवा. पुढची मापं रबरासकट घ्यायची, कारण तुमच्या पायाला तीच उंची माहीत आहे. स्टीलची मोजपट्टी घ्या आणि वहीत लिहा:

ब्रेक आणि रेस यांच्या कडांमधलं अंतर. क्लच आणि ब्रेक यांच्यामधलं अंतर. ब्रेक रेसपेक्षा किती वर आहे, म्हणजे पायाला रेसवरून ब्रेकवर जाताना किती उचलावं लागतं. प्रत्येक पेडल पूर्ण दाबल्यावर त्याची खालची कड आणि फरशी यांच्यात उरणारी जागा. ही जागा केबिनमधली चटई अंथरून मोजायची, कारण गाडी चटईवरच चालणार आहे.

चटईवरून आठवलं. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया साऱ्या देशात जातात, आणि आपल्याकडच्या निम्म्या केबिनींत तीच रंगीत चटई कापून अंथरलेली असते. दिसते छान, धुवायला सोपी, पण गुळगुळीत पत्र्यावर ती पुढे सरकते आणि तिची कड रेसच्या पेडलखाली जाते. नवी पट्टी जुन्या रबरापेक्षा खाली लांब असेल तर ही कड हमखास अडकते. चटई आवडते तर ठेवा, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा वेगळा कापा, पेडलांपासून चार बोटं मागे ठेवा आणि दोन स्क्रू मारून जागेवर बांधा.

कोणता धातू

बाजारात तीन प्रकार फिरतात: अॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि साधं लोखंड.

लोखंडाची चेकर पट्टी कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे पडलेली असते, स्वस्त असते, आणि बरेच जण तिचाच तुकडा कापून लावतात. वजनाचा विचार करा. दहा सेंटिमीटर बाय आठ सेंटिमीटरचा चार मिलिमीटर जाडीचा तुकडा लोखंडात साधारण अडीचशे ग्रॅम भरतो, अॅल्युमिनियममध्ये पंच्याऐंशीच्या आसपास. क्लच-ब्रेकला अडीचशे ग्रॅम चालून जातील, पण रेसच्या पेडलची परतीची स्प्रिंग नाजूक असते. तिच्यावर पाव किलो टांगलं की पाय उचलल्यावर रेस सुस्त परत येते. रेसवर लोखंड नको. शिवाय लोखंड गंजतं, आणि गंजाची धार अनवाणी पायाला कापते.

अनवाणी पाय हा आपल्याकडचा खास मुद्दा. बाहेरच्या देशांतली ही चकचकीत पेडलं बुटांसाठी बनलेली असतात. आपले ड्रायव्हर चप्पल सीटखाली सरकवून उघड्या पायानं गाडी चालवतात, मीही चालवायचो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बंद केबिन दुपारी दोन तास उन्हात उभी राहिली आणि काचेतून येणारी तिरीप नेमकी पेडलांवर पडली, तर त्यावर उघडा पाय ठेवून बघा. मी ठेवला आहे. पाय आपोआप उचलला जातो, आणि ब्रेकवरून पाय आपोआप उचलला जाणं ही काय गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना कंपनीनंच एसी केबिन देणं बंधनकारक झालंय, पण एसी गाडी चालू असताना. उभ्या गाडीत ऊन ते ऊनच. म्हणून अनवाणी चालवणाऱ्याला मी धातूचं पेडल देत नाही. आधी बंद पट्ट्याची सँडल किंवा बूट घाल म्हणतो. नसेल घालायची, तर भोकांतून रबराचे गोल दाणे वर आलेली पट्टी घे. धातू दिसतो आणि पाय रबरावर पडतो. मला विचाराल तर सगळ्यांनीच तीच घ्यावी.

स्टेनलेस स्टील दिसायला टिकाऊ आणि असतंही टिकाऊ, पण गुळगुळीत पॉलिश केलेलं स्टील ओल्या तळव्याखाली बर्फासारखं होतं. घ्यायचंच तर दोन मिलिमीटरचं, भोकं पाडून त्यांच्या कडा वर उचललेल्या असं घ्या. किसणीसारखं दिसतं, पण धार मोडलेली असावी. बोटाच्या आतल्या बाजूनं हात फिरवून बघा. ओरखडा उठला तर परत करा. आणि लोहचुंबक लावून ‘अस्सल ३०४ आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्वस्तातलं २०२ नंबरचं स्टीलही चुंबकाला फारसं धरत नाही, त्यामुळे या दोघांतला फरक चुंबकानं कळत नाही.

सगळं धरून माझी निवड: तीन किंवा चार मिलिमीटर अॅल्युमिनियम, रंग न दिलेलं किंवा अॅनोडाईज केलेलं, भोकं आणि रबरी दाणे असलेलं. कडा गोल. आरशासारखी चकाकी नको, कारण दुपारी ती थेट डोळ्यात येते.

तयार सेट घ्यायचा की बनवून घ्यायचा? तयार सेट बहुतेक कारच्या मापाचे असतात आणि ‘सर्व गाड्यांना बसतो’ असं त्यावर छापलेलं असतं. पिकअपला कधी कधी बसतात. ट्रकच्या क्लचला मात्र एकतर लहान पडतात किंवा चिमटे पुरत नाहीत. पत्रिकेचे तुकडे घेऊन एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडे गेलात तर तो मापात कापून देतो. चार-पाच गाड्यांचं काम एकदम नेलं तर भावही बरा लावतो. पट्टी मूळ पेडलपेक्षा कुठल्याच बाजूला पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको, आणि ब्रेकच्या बाजूला रेसची पट्टी अजिबात वाढवायची नाही. रुंद पेडल ऐटदार दिसतं, पण जाड बुटाखाली दोन पेडलं एकदम दाबली जातात.

बसवणं

गाडी सपाट जागेवर, पुढच्या-मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढून खिशात. सेन्सरवाली गाडी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. क्लीनरला सांगा की कुणी स्टार्टर मारायचा नाही.

रबर काढा. खाली वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज निघेल. तारेच्या ब्रशनं घासा, थिनरनं पुसा. आता पत्रा नीट बघा. तडा, वाकलेली कड किंवा जुनं वेल्डिंग दिसलं तर इथेच थांबा आणि आधी पेडलच बदला. तडा गेलेल्या पेडलावर नवी पट्टी लावणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

वेल्डिंगनं पट्टी चिकटवायची कल्पना कुणी ना कुणी देतोच. नको. पेडलच्या दांडीला आच लागून ती कमजोर होऊ शकते, जवळून जाणाऱ्या हवेच्या नायलॉन पाईपला झळ बसते, आणि नव्या गाडीत वेल्डिंगचा करंट कंट्रोल युनिटपर्यंत पोचला तर दुरुस्तीचं बिल पाहून घाम फुटतो. शिवाय पुन्हा काढायचं झालं तर ग्राइंडर लावावा लागतो.

पट्टी जागेवर धरा. रबराच्या जागी ती येणार, रबराच्या वर नाही. माझी चूक आठवा. वहीतलं उंचीचं माप काढा. रबर आठ-दहा मिलिमीटर जाड असतं आणि पट्टी तीन-चार, म्हणजे पेडल उलट थोडं खाली जाईल. ब्रेक आणि रेस दोन्ही सारखेच खाली गेले तर बिघडत नाही. सेन्सरवाली रेस आहे तशी ठेवून फक्त ब्रेक बदलत असाल तर हा फरक पट्टीखाली कडक सपाट फायबर किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा घालून भरून काढा. मऊ रबरशीट घालू नका. ती दाबानं बसते आणि बोल्ट ढिले होतात.

आता भोकं. प्रत्येक पेडलला निदान दोन, तिरकस कोपऱ्यांत. एकाच बोल्टवर पट्टी फिरते. पेडलची दांडी मागून जिथे जोडलेली आहे तिथे आणि मागच्या उभ्या कडेवर भोक नको, ताकद तिथेच असते. जागेवर सेंटर पंच मारा, नाहीतर ड्रिल घसरून नव्या पट्टीवर रेघ ओढतं आणि मग दिवाळीचा सगळा उत्साह संपतो. आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक, मग मोठं. पेडलमागे लाकडाचा ठोकळा धरा, म्हणजे ड्रिल आरपार गेल्यावर मागची वायर किंवा हवेचा पाईप वाचेल. भोकाच्या कडा कानशीनं साफ करा आणि उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइडचा हात द्या. अॅल्युमिनियम आणि उघडं लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मधला रंग ते थांबवतो.

बोल्टमध्ये नवखे फसतात, म्हणून सविस्तर. बोल्टचं डोकं वर राहिलं की तळवा त्यावर घासतो आणि चप्पल अडकते, म्हणून शंकूच्या डोक्याचा सीएसके बोल्ट घ्यायचा, जो पट्टीत बुडतो. पण एम-६ सीएसकेचं डोकं साधारण सव्वातीन मिलिमीटर खोल असतं. चार मिलिमीटर पट्टीत ते बरोबर बसतं, तीनच्या पट्टीत खाली फाटून जातं. तीनला एम-५ घ्या. दोन मिलिमीटर स्टीलला सीएसके चालत नाही. तिथे घुमटी डोक्याचा बोल्ट, तोही टाचेच्या वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात. एम-६ ला साडेसहाचं भोक आणि चारची अॅलन की, एम-५ ला साडेपाचचं भोक आणि तीनची की. मागून वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट: दहा नंबरचा आणि आठ नंबरचा पाना अनुक्रमे. साधा नट आपल्या रस्त्यांवर टिकत नाही. बोल्ट नटाच्या बाहेर दोन आटे निघेल एवढाच लांब. जास्त निघाला तर पेडल दाबताना तो चटईत, वायरीत किंवा फरशीत रुततो. कापून कानस मारा. आवळताना आखूड पाना, मनगटाचा जोर. पाईप लावून आवळलं तर अॅल्युमिनियमची पट्टी वाडग्यासारखी वाकते.

चिमट्यांच्या सेटला भोकं लागत नाहीत, पण मला त्यांच्यावर भरवसा कमी. लावलेच तर पेडलच्या चारही कडांना चिमटा धरतो का ते हातानं ओढून बघा. ओढताना सरकलं की पायाखालीही सरकणार.

इंजिन बंद असताना, मग चालू करून

सगळ्यात आधी नेहमीचीच चप्पल किंवा बूट घालून बसा. नव्या कोऱ्या बुटात तपासणी आणि जुन्या चपलेत घाट, असं नको.

प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबा, सोडा. दहा वेळा. कुठे घासतंय, खडखडतंय, चटईला लागतंय? क्लच पूर्ण दाबल्यावर पट्टीची खालची कड फरशीला टेकत असेल तर क्लच अर्धवटच सुटतो, आणि मग पहिला आणि रिव्हर्स गिअर कर्रकर्र आवाज करत पडतात. पोरं गिअरबॉक्स खराब झाला म्हणून आमच्याकडे येतात. पट्टीची कड दहा मिलिमीटर कापली की गिअरबॉक्स ‘दुरुस्त’ होतो. रेसचं पेडल बोटानं दाबून एकदम सोडा. पूर्वीइतक्याच चपळाईनं वर आलं पाहिजे.

मग डोळे मिटा. हसू नका. डोळे मिटून रेस, ब्रेक, रेस, ब्रेक, क्लच असं पंचवीस-तीस वेळा करा. पाय एकदाही अडकला, शोधत राहिला किंवा दोन पेडलांवर एकदम पडला, तर मापात गडबड आहे. मिस्तरींची परीक्षा हीच होती, आणि लळिंगच्या आधी मी ती दिली असती तर नापास झालो असतो.

हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर चालू करून दोन्ही काटे पूर्ण दाबावर येऊ द्या, इंजिन बंद करा, ब्रेक पूर्ण दाबून धरा. काटा आधी थोडा उतरेल आणि मग स्थिर राहिला पाहिजे. उतरतच राहिला किंवा पेडलमागून सूंऽऽ आवाज आला तर ड्रिल करताना काहीतरी दुखावलंय. पिकअपला, म्हणजे तेलाच्या ब्रेकला, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरून स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली बसलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठीक. दोन्ही गाड्यांत एकाला मागे उभं करून ब्रेकचे दिवे बघायला सांगा: दाबल्यावर पेटतात का आणि सोडल्यावर विझतात का. पिकअपमध्ये दिव्याचा स्विच पेडलच्या दांडीपाशीच असतो. पेडल पूर्ण वर आलं नाही तर दिवा पेटलेलाच राहतो.

मोकळ्या मैदानात रिकामी गाडी वीसच्या वेगानं फिरवा, थांबवा. मग साधा रस्ता. पहिल्या दिवशी लळिंग नको, पळासनेरचा उतार नको, कोंडाईबारीचा घाट तर नकोच. जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा माणसं गेली, ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तिथे पट्टीबिट्टीचा काही संबंध नव्हता. पण त्या उतारावर भरलेली गाडी किती वेळ देते ते तिथून रोज जाणाऱ्याला ठाऊक आहे. निदान दोनशे किलोमीटर सपाटीवर पाय बसू द्या.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. पेडलवरची पट्टी म्हणजे काही चेसिस कापणं नाही, पण फिटनेसला गाडी नेल्यावर पट्टी हलताना दिसली किंवा बोल्टची धार दिसली तर तपासणारा माणूस ती काढायला लावणार, आणि त्याचं बरोबरच असेल. गाडी एमएच-१८ (धुळे) असो, १९ (जळगाव) असो की ३९ (नंदुरबार). हमीच्या मुदतीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. भोक पाडल्यावर पेडलची हमी गेली म्हणून भांडून उपयोग नाही.

आणि एक, जे कुणी मागत नाही

तीन पेडलांवर पैसे घालायच्या आधी डाव्या पायासाठी पाय टेकायची पट्टी बसवा. क्लचच्या डाव्या बाजूला फरशीच्या चढावर एक दाणेदार अॅल्युमिनियमचा तुकडा, चार बोल्ट, बास. पाय ठेवायला जागा नसली की तो क्लचवरच रेंगाळतो, आणि क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग हळूहळू झिजत जातात. नवापूर ते नागपूर पाय अधांतरी ठेवणारा ड्रायव्हर रात्री गुडघा चोळत बसतो तो वेगळाच. इथे वजनाची भीती नाही, उंचीचा हिशेब नाही. फक्त फरशीखालून काय जातंय ते बघून भोक पाडा. नवख्या माणसानं हात साफ करून घ्यायला ही जागा उत्तम.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा, मग नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. दर ऑइल बदलाला तेवढी रेघ बघायची. आणि काढलेली जुनी रबरं फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा. पट्टी रस्त्यात ढिली झाली तर ती काढायची, रबर चढवायचं आणि घरी यायचं.